मायनं पाहिलेली लढाई

मायला पिक्चरचा नाद कधीच नव्हता. बल्लारपूरला आम्ही खाणीच्या वस्तीत राहायचो. टॉकीज चालत जाण्यासारखी होती, तरी माय तिथे गेलेली मला आठवत नाही. जयंतीला मैदानात पांढरा पडदा लावून काही दाखवलं तर घटकाभर बसायची आणि चुलीवरचं काहीतरी आठवून उठायची. म्हणून एका दुपारी ती आपणहून म्हणाली, "चाल पोरी, पिक्चर पाहून येऊ," तेव्हा मला थट्टाच वाटली.

माझा मोठा भाऊ तेव्हा श्रीलंकेत होता. तो फौजेत लागला तेव्हा आमच्यासाठी ती एक चांगली नोकरी होती. सुटीत यायचा, ट्रंकेतून सगळ्यांसाठी काहीबाही काढायचा, विहारात वंदनेला गेला की बाया त्याच्याकडे वळून पाहायच्या. मग त्याची पलटण शांतिसेनेत समुद्रापार गेली आणि घरातलं बोलणं कमी झालं.

बाबा खाणीत जमिनीखाली कामाला. पहिली पाळी असली की संध्याकाळी रेडिओजवळ बसायचे. बातम्यांत श्रीलंकेचं नाव आलं की ते आवाज बारीक करायचे, आणि आवाज बारीक झाला की माय स्वयंपाक सोडून दारात येऊन उभी राहायची.

"काय सांगून राह्यले?"

"काई नाई. सगळं ठीक आहे म्हनते."

"ठीक आहे तं आवाज काऊन कमी केला?"

बाबा रेडिओच बंद करायचे. मग मी कॉलेजात जाते म्हणून ती मला धरायची. "तो तिथी दिवसभर करते काय?"

"ड्युटी असते, माय."

"ड्युटी म्हंजे काय?"

बाबांची ड्युटी तिला ठाऊक होती. खाणीत ती कधी उतरली नव्हती, पण खाली पाणी लागलं की काय, हे ती बाबांच्या कपड्यांवरून ओळखायची. मुलाची ड्युटी मात्र तिला डोळ्यांपुढे आणताच येत नव्हती. आणि मलाही.

अशात रिक्षावर भोंगा लावलेला माणूस वस्तीतून फिरला. लढाईचा जबरदस्त पिक्चर, असं तो ओरडत होता. माय भांडी घासता घासता ऐकत राहिली, हात धुतले, लुगडं बदललं. बाबा पाळीवर होते.

टॉकीजच्या दारावरचा माणूस आमच्याकडे पाहून बिचकला. "बाई, इंग्रजी आहे. गाने नाई, काई नाई. हा बायांचा पिक्चर नाई."

"लढाई आहे ना?"

"निस्ती लढाईच आहे."

"मंग झालं तं," माय म्हणाली आणि आत शिरली.

आत सगळे पुरुष. पडद्यावर पाऊस, चिखल आणि चिखलानं माखलेले शिपाई. सगळ्यांची तोंडं सारखीच. भाषा कोणालाच कळत नव्हती. मागून शिट्ट्या चालल्या होत्या, हिरोईन कुठी आहे म्हणून एक जण ओरडत होता. थोड्या वेळानं मायनं माझा हात धरला.

"यातले आपले कोन्ते?"

मला सांगता येईना. दोन्हीकडचे परकेच होते. "तू पाहा फक्त," मी म्हटलं.

मग एक कोवळा शिपाई पायात गोळी लागून उघड्यावर पडला. बाकीचे खड्ड्यात, आणि तो तिथून हाका मारतोय. एक जण त्याच्याकडे सरपटत गेला आणि मधेच आडवा झाला. त्यानंतर कोणी गेलं नाही. हाका चालूच होत्या. खड्ड्यातले खाली माना घालून बसलेले. हाका थांबल्या, आणि त्यांच्यातल्या एकानं डबा उघडून बोटांनी खायला सुरुवात केली. टॉकीजमधले लोक हसले. मायची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. "उठू या का?" मी विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. दिवे लागेपर्यंत ती हलली नाही.

परत येताना रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी संथपणे चालली होती. तिच्या आवाजातच माय म्हणाली, "तो पोरगा पानी मांगत होता."

"तुला काय कळलं? इंग्रजी होतं ते."

"मले समजलं."

त्या दिवसापासून तिनं बातम्यांबद्दल विचारणं बंद केलं. बाबा आवाज कमी करोत की मोठा, ती जागची उठेना. आठवडाभरानं बाबांनी मला अंगणात गाठलं. "माय काऊन काई इचारत नाई आता?"

मी सांगून टाकलं. वाटलं, रागावतील. ते खाटेच्या कडेवर बसले.

"मीबी पाह्यला तो," ते म्हणाले. "दुसऱ्या पाळीले जाच्या आधी. अर्ध्यातून उठलो." मग हळूच, "तिले सांगू नको."

दोघंही एकमेकांपासून लपवत होती आणि मी मधे. काय करावं ते सुचत नव्हतं. कोणाकडे जायचं, कोणाला सांगायचं की आमच्या माणसाला परत पाठवा?

उन्हाळ्यात भाऊ सुटीवर आला. काळवंडला होता, बारीक झाला होता, पण हातपाय धड होते. वस्तीतली पोरं "किती मारले?" म्हणून मागे लागली, तर त्यांना तिथल्या नारळांच्या गोष्टी सांगत बसला. प्रत्येक भाजीत नारळ घालतात, म्हणून स्वतःच हसला. आम्हीही हसलो. रात्रीच्या जेवणाला तो भिंतीला पाठ लावून बसला आणि आमचा पहिला घास व्हायच्या आत त्याचं ताट रिकामं. माय भाकर वाढायला वाकली आणि तशीच थांबली.

"बाबू, तुह्याजवळ पानी राह्यते ना तिथी?"

त्यानं वर पाहिलं. "राह्यते, माय."

"नेहमी?"

"नेहमी राह्यते."

"आनं हाक मारली तं येते कोनी?"

बाबांचा हात ताटातच थबकला. भाऊ तिच्याकडे पाहत राहिला. हे हिला कोणी सांगितलं, असा प्रश्न त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. मग तो म्हणाला, "येते ना. सगळे येते."

मायनं भाकर वाढली. "मंग बरं आहे," ती म्हणाली आणि बाकीच्या भाकरी करायला चुलीकडे तोंड करून बसली. तिला खरं वाटलं नव्हतं. ते त्याला कळलं होतं. तरी त्या सुटीत दोघांपैकी कोणीच तो विषय पुन्हा काढला नाही.

सुटी संपली. स्टेशनवर गाडी बराच वेळ उभी होती. बाबांनी जागा मिळाली का विचारलं, त्यानं बाबांना खोकला दाखवून घ्या म्हणून बजावलं. माय खिडकीच्या गजाला धरून होती. गाडी हलल्यावर थोडी तिच्याबरोबर चालली आणि मग तिनं गज सोडला.

फौज परत आली तेव्हा तोही आला. नोकरी पुरी केली, आता नागपूरला एका बँकेच्या दारावर बसतो. त्यानं तिथलं काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. माय गेली त्या वर्षी मी एकदा विचारायचं ठरवून त्याच्याकडे गेले होते. वहिनीनं चहा केला. आम्ही मुलांच्या परीक्षांबद्दल बोललो, आणि संध्याकाळच्या बसनं मी परत आले.