चुकीच्या समुद्रावर मेणबत्ती

आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे लिओनार्ड पप्पांनी, महायुद्धात जपानी पाणबुडीला तोंड दिलं. मी १९९५ साली पप्पांना तोंड दिलं. कोणाचं काम सोपं, ते देव जाणे.

त्या मार्चमध्ये ते वसईच्या भुईगावहून कायमचे आमच्याकडे सिडनीला, क्वेकर्स हिलला आले. युद्धाच्या वेळी ते रॉयल इंडियन नेव्हीत होते. मालवाहू जहाजांना सोबत करणारं त्यांचं छोटं जहाज हिंदी महासागरात टॉर्पेडोने फुटलं. पप्पा तोफेवर होते म्हणून पाण्यात फेकले गेले आणि वाचले. त्यांच्याच गावचा इनास तुस्कानो खाली इंजिनरूममध्ये होता. तो गेला.

दोन नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, आम्ही ख्रिस्ती लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. ज्या कबरीवर कोणी येत नाही, तिथे शेजारच्याने एक लावायची, हा भुईगावचा रिवाज. इनासला कबरच नाही, म्हणून पप्पा दरवर्षी समुद्रावर जात आणि करवंटीत मेणबत्ती लावत.

ऑक्टोबर संपत आला तसा घरात वैताग सुरू झाला. पप्पांना ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला जायचं होतं.

"इथला समुद्र दुसरा आहे," ते म्हणाले. "इनास हिंदी महासागरात आहे. तो पर्थला लागतो. आपल्या ब्रेंडाच्या शाळेच्या नकाशात बघ."

"पप्पा, पाणी सगळं एकच," माझा नवरा संजीव म्हणाला. इंजिनियर ना!

"मग बाथरूममध्ये नळाखाली लावू?"

"ट्रेनला तीन दिवस लागतात!"

"मग बॅग आज भरायला हवी."

ब्रेंडा, आमची मुलगी, टीव्हीसमोरून म्हणाली, "ग्रँडपा, दॅट्स क्रेझी." ते समजून न समजल्यासारखं करत पप्पांनी बॅग काढली. डॉक्टरांनी त्यांना जिनाही सावकाश चढायला सांगितला होता.

मी म्हटलं, पर्थला माझी मैत्रीण आहे, चित्रा. ती लावेल. तर केवढे चिडले! "दुसऱ्याने लावायला इनास बेवारशी आहे का? मी मेलो का?"

 त्या रात्री रोझरीच्या प्रार्थनेत माझं लक्ष नव्हतं, हे खरं.

शेवटी दोन तारखेला कामावर रजा टाकली आणि त्यांना सिडनी हार्बरला घेऊन गेले. समुद्र बघून तरी शांत होतील म्हणून. हॅरिस पार्कच्या इंडियन दुकानातून आणलेला नारळ त्यांनी सकाळीच गॅरेजमध्ये हातोडीने फोडला होता. खोबरं मी खवायचं, करवंटी त्यांनी खिशात घालायची.  हार्बरच्या बागेच्या टोकाला पाण्याकाठी बाकावर बसलो, तर पाण्याकडे पाठ करून बसले! म्हटलं, पाठ तर पाठ.

शेजारी एक म्हातारा गळ टाकून बसला होता. पप्पांच्या हातात करवंटी बघून म्हणाला, "आमिष म्हणून काय वापरतोस, मेट?"

पप्पांनी त्यांच्या नेव्हीच्या इंग्रजीत सगळं सांगितलं. जपानी पाणबुडी म्हटल्यावर म्हाताऱ्याने गळ खाली ठेवला.

"इथेही आल्या होत्या," तो म्हणाला. "बेचाळीस साली, छोट्या पाणबुड्या. त्या तिथे, नेव्हीच्या गोदीजवळ, जुन्या फेरीबोटीत आमची खलाशी पोरं झोपली होती. टॉर्पेडोने बोट बुडाली."

पप्पा वळून बसले. "झोपेत?"

"झोपेत."

"त्यांच्यासाठी मेणबत्ती कोण लावतं?"

"मेणबत्ती? कोण जाणे, मेट. आईबाप तर गेलेच असतील."

पप्पा उठले. दगडावर करवंटी ठेवून मेणबत्ती उभी केली. वारा असा, की काडी टिकेना. मी माझी छत्री आडवी धरली.

"नीट धर, मेरी! भोकातून वारा येतोय."

"छत्रीला भोक नाहीये, पप्पा, तुम्हीच हलताय!"

लागली एकदाची. "हे प्रभो, त्यांना चिरशांती दे," ते म्हणाले, आणि पुढची प्रार्थना मी पूर्ण केली. म्हाताऱ्याने टोपी काढली.

मी छत्री मिटते न मिटते तोच पप्पा म्हणाले, "मी शेजारच्याची लावली. आता इनासची तिथल्या शेजारच्याने लावली तर चालेल. त्या चित्राला फोन कर."

आठवडाभर मी काय सांगत होते?

"आधी घरी जाऊ."

"अंधार पडेल."

"पर्थचं घड्याळ आपल्या मागे आहे, पप्पा!"

ट्रेनमध्ये प्रत्येक स्टेशनवर त्यांनी विचारलं, किती मागे? घरी पोचून चपला काढायच्या आधी मी चित्राला फोन लावला. ती गाडीची किल्ली शोधत म्हणाली, "जाते गं. नाव काय सांगितलंस?"

मी सांगणार तेवढ्यात पप्पांनी रिसीव्हर हिसकावला. "इनास तुस्कानो, भुईगाव," ते ओरडले, पर्थपर्यंत आवाज पोचायला हवा म्हणून. मग जरा हळू म्हणाले, "पोरी, करवंटी आहे ना घरात?"