झाकलेली जखम

आमची आई न्हाणीघरात एकटी असतानाही परकर छातीवर बांधूनच अंघोळ करायची. दाराला आतून कडी, खिडकीच्या काचेला वर्तमानपत्र चिकटवलेलं, तरीही. लहानपणी मी एकदा विचारलं, "आत तुला कोण बघतंय?"

"तो बघतो ना," ती म्हणाली. तो म्हणजे देव.

मग तिनं मला आदाम आणि हव्वेची गोष्ट सांगितली. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण आई तिचा शेवट फार सावकाश सांगायची. दोघांनी अंजिराची पानं गुंडाळली होती, ती कितीशी पुरणार? म्हणून बागेतून घालवून देण्याआधी देवानं स्वतः त्यांना कातड्याचे अंगरखे करून दिले. "रागावला होता, पण उघडं नाही पाठवलं," ती म्हणायची. तिच्या लेखी कपडे म्हणजे देवानं जाता जाता केलेली माया होती. ती अंगावरून ढळू देणं तिला कृतघ्नपणा वाटायचा.

पप्पा रेल्वेत होते. नगरकडून बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर त्यांनी सांगानेरच्या बाजूला दोन खोल्यांचं घर घेतलं. इथल्या चर्चमधल्या मंडळीची उपासना हिंदीत चालते. आई डोक्यावर पदर घेऊन बायकांच्या बाजूला बसायची, गाणी सगळ्यांबरोबर हिंदीत म्हणायची, प्रार्थना मात्र मनातल्या मनात मराठीत. मे महिन्यात लूचा गरम वारा अंगाची लाही करायचा, तेव्हाही तिच्या ब्लाउजच्या बाह्या कोपराखाली. माझ्या शाळेच्या नाचासाठी बिनबाह्यांचा फ्रॉक ठरला होता, त्यालाही तिनं बाह्या जोडल्या. मी रडून गोंधळ घातला. तिनं मला जवळ घेतलं, पण बाह्या काही उसवल्या नाहीत.

माझं लग्न जयपूरमध्येच झालं. नोकरी तिथल्या सी-स्कीम भागातल्या एका बँकेत. दर रविवारी उपासनेनंतर मी आईकडे जेवायला जायची. पाऊस सरल्यानंतरच्या एका रविवारी निघताना मी तिला मिठी मारली, तशी ती कळवळून मागे सरली. पदराखालून हळदीचा वास येत होता, आणि त्याखाली आणखी कसला तरी.

"काय झालंय?"

"काही नाही गं. बेंड आलंय."

मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. ती दाखवेना. मी हात जोडले, रागावले, शेवटी रडायला लागले. तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिनं ब्लाउजचे दोन हूक काढले. आत जुन्या मऊ साडीची घडी होती, हळदीनं पिवळी झालेली. घडीखाली जे होतं ते बेंड नव्हतं. गाठ फुटून जखम झाली होती.

"कधीपासून?"

"गाठ तर गेल्या नाताळाच्या आधीपासून होती."

"आणि सांगितलं नाहीस? पप्पांनाही नाही?"

"काय सांगायचं? आणि दाखवायचं कुणाला? डॉक्टर म्हणजे पुरुष," ती भिंतीशीच बोलली.

मी तिच्यासाठी डॉक्टरीणबाई शोधली. तपासून झाल्यावर बाईंनी स्वतः आईचा पदर नीट केला, तिला बाहेर बसवलं आणि मला थांबवून घेतलं. "इतनी देर क्यों की?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. औषधांनी दुखणं कमी करता येईल, एवढंच त्या म्हणाल्या.

"तिला लाज वाटत होती," मी म्हणाले.

बाईंनी मान हलवली. "यहाँ रोज़ कोई न कोई यही कहती है."

जखम रोज धुऊन पट्टी बदलावी लागायची. आईचा हात वर होईना, म्हणून मी रजा काढून राहायला गेले. मी पट्टी सोडायला लागले की ती पदर डोळ्यांवर ओढून घ्यायची. मी तिची लेक, तिच्या अंगावर पिऊन वाढलेली, आणि ती माझ्यापुढे डोळे झाकत होती. मला कधी तिची कणव यायची, कधी तिच्या त्या कातड्याच्या अंगरख्यांचा संताप यायचा. ज्या मायेविषयी ती इतकं बोलायची त्या मायेनंच तिचा घात केला, असं वाटायचं.

पप्पा बाहेर व्हरांड्यात बसून असायचे. आत यायची त्यांना परवानगी नव्हती. "मी काय करू?" असं ते मला दिवसातून कितीदा तरी विचारायचे. एकदा आपणहून बसनं सांगानेरच्या बाजारात गेले, बोटांनी चाचपून सगळ्यात मऊ छापील कापड आणलं आणि पुढून उघडणारे गाऊन शिवून घेतले. आईनं ते हातात घेऊन पाहिले. "पुढून उघडे?" म्हणाली आणि उशाशी ठेवून दिले.

थंडी सुरू झाली तेव्हा आमच्या पास्टरांच्या पत्नी भेटायला आल्या. त्या इथल्याच, हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी प्रार्थना सुरू केली, तर आईनं त्यांचा हात धरून थांबवलं. तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत तिनं विचारलं, "मी त्याच्यापुढं अशी कशी उभी राहू? हे असं सडलेलं अंग घेऊन?"

बाईंनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. मग हिंदीतच म्हणाल्या, "ताई, प्रभूलाही शिपायांनी क्रुसावर चढवताना उघडं केलं होतं. चित्रांमध्ये कमरेला कापड असतं, ते आपण घातलंय. आपल्याला बघवत नाही म्हणून. त्याची आई तर तिथंच उभी होती. तिनं कुठं तोंड फिरवलं?"

"तिला काय वाटलं असेल?" आईनं विचारलं.

"लेकराला दुखतंय, एवढंच वाटलं असेल. लाज वाटायची तर ती कपडे ओढणाऱ्यांना. त्याला कसली लाज? आणि तुम्हाला तरी कसली?"

आई छताकडे बघत पडून राहिली. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे वाहत होतं. मी पुसायला गेले, तर तिनं मानेनंच नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गरम पाणी घेऊन आत गेले. तिनं उशाशी हात नेऊन एक गाऊन काढला आणि मला घालून द्यायला सांगितला. मग म्हणाली, "यांना बोलाव."

पप्पांनी कोपरापर्यंत हात धुतले. आत येऊन खाटेच्या कडेला बसले. मी पट्टी सोडली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला असं दिवसाच्या उजेडात कधी पाहिलं नसावं. त्यांचा चेहरा हलला, पण त्यांनी नजर काढली नाही.

"एवढं एकटीनं सोसलंस?"

आईनं त्या दिवशी डोळे झाकले नाहीत. ती त्यांच्याकडेच बघत होती. पप्पांनी कापूस भिजवून जखम पुसली आणि लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालतात तशी हळूच फुंकर घातली.

"झोंबतंय का फार?"

"नाही. फुंकर बरी वाटते."

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. त्यानंतर पट्टी पप्पाच करायचे. आतून त्या दोघांचं हळू आवाजात बोलणं ऐकू यायचं. एकदा तर आई हसलीसुद्धा. हे सगळं एका वर्षाआधी का झालं नाही, हा प्रश्न मला गिळता येत नव्हता आणि त्यांच्यापुढे उच्चारताही येत नव्हता.

उन्हाळा लागायच्या आत ती गेली. मंडळीतल्या बायकांनी पडदे ओढून तिला अंघोळ घातली, पांढरी साडी नेसवली. मीही त्यांच्यात होते. कुणी काही विचारलं नाही. एक म्हातारी बाई मात्र जखमेवर हात ठेवून बराच वेळ पुटपुटत राहिली.

काही महिन्यांनी महिला सभेत पास्टरांच्या पत्नींनी मला बोलायला उभं केलं. मी आईबद्दल सांगितलं. गाठ कुठे होती, ती तिनं का लपवली, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, सगळं. छाती हा शब्द त्या हॉलमध्ये याआधी कुणी उच्चारला नसेल. पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना खाली घातल्या. सभा संपल्यावर बहुतेक जणी मला टाळून निघून गेल्या. माझ्याच वयाची एक मागे थांबली, चपला घालायचं निमित्त करत. "आप मेरे साथ चल सकती हैं क्या, उन डॉक्टरनी के पास?" तिनं विचारलं. मी तिला दुसऱ्याच दिवशी घेऊन गेले. तिची गाठ साधी निघाली. रिक्षात बसल्यावर ती मोठमोठ्यानं रडली आणि तिच्याबरोबर मीही.

सांगानेरला जाऊन पप्पांना हे सांगितलं. सभेत काय बोलले, तेही सांगितलं.

"तिला आवडलं नसतं, असं चारचौघींत सांगितलेलं," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"हं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. "पण परत बोलावलं तर जा."