टेनिसच ना, ताई?

लालबागला टेनिस म्हणजे टेनिस बॉलने खेळायचं क्रिकेट. हे मला लहानपणापासून माहीत आहे, आणि तरी मी त्याच शब्दावर फसले.

माझी सगळी कारकीर्द या शब्दाखाली दबून गेली. पहिलं विजेतेपद घेऊन परदेशातून आले तेव्हा शेजारच्या मालवणी काकींनी पेपरातला फोटो बघून आईला विचारलं, "तुझा चेडू जिंकला खरा, पण टीमीतली बाकीची खंय गेली?" चेडू म्हणजे मुलगी, चेंडू नव्हे. पुढे मी बऱ्याच स्पर्धा जिंकले. चाळीत प्रश्न एकच, "किती काढलेस?"

निवृत्तीनंतर मला फक्त चाळीमागच्या मैदानातली रविवारची सकाळ हवी होती, मुलींना शिकवायला. मी इतकी वर्षं जिंकत राहिले, पण आमच्या चाळीतल्या एकाही मुलीच्या हातात रॅकेट आली नाही, हे मला फार लागलं होतं. मैदान मंडळाच्या ताब्यात. अध्यक्ष माझ्याच वर्गातला. एरवी 'तू', चारचौघांत 'ताई'.

"टेनिसच ना? दिलं," तो म्हणाला. आमच्या मंडळाने इतक्या झटपट कुणाला पाणीसुद्धा विचारलेलं नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आधी सत्कार झाला. भर उकाड्यात शाल. मागे बॅनर, त्यावर माझा फोटो आणि फोटोमागे तीन स्टंप. एका माजी नगरसेवकांनी टेनिसमधल्या माझ्या षटकारांचा गौरव केला. मग अध्यक्षाने जाहीर केलं, "ताईंच्या इच्छेनुसार दर रविवारी सकाळी टेनिस लीग." पहिल्या रांगेत माझ्या जुन्या रॅकेटी मांडीवर घेऊन बसलेल्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या.

"अरे, मी नेटवालं टेनिस म्हणाले होते," मी माईकपासून तोंड वळवून म्हणाले.

"नेट प्रॅक्टिस पण ठेवू ना, ताई."

उद्घाटनाचा चेंडू मी खेळायचा होता. मी बॅट परत केली, एका मुलीची रॅकेट घेतली आणि नगरसेवकांचा चेंडू मागच्या गल्लीत पाठवला. टाळ्या पडल्या. मग पॅड बांधून उभा असलेला एकजण नम्रपणे म्हणाला, "ताई, कंपाउंडबाहेर गेला की आऊट असतो."

मी जाऊन बरोबर खेळपट्टीच्या मधोमध खुर्ची टाकून बसले. मुलींना सकाळ मिळेपर्यंत उठणार नाही म्हटलं. दोन्ही टीम ताटकळल्या, लाऊडस्पीकरवाला जांभया द्यायला लागला. शेवटी अध्यक्ष चारचौघांत 'तू'वर आला.

"तू शाळेतपण अशीच होतीस. बरं, स्टंप लागेपर्यंत मैदान तुझं. पण नेट आमच्याकडे नाय."

नेट अजूनही नाही. सत्काराच्या स्टेजचे दोन बांबू कुणी काढले नाहीत, त्यांनाच दोरी बांधतो. खेळ जरा रंगात आला की पलीकडून हाक येते, "ताई, झालं का? टॉस करायचाय." दर रविवारी भांडण होतं. मुली मात्र येतात, शेजारच्या काकींची नातसुद्धा.

परवा काकींनी गॅलरीतून विचारलं, "नातीन किती काढल्यान?"

समजावून सांगायचा मला कंटाळा आला होता. "चाळीस," मी म्हटलं. नेटवाल्या टेनिसमध्ये तिचा स्कोअर खरोखरच तेवढा होता.

"बरे काढल्यान," काकी म्हणाल्या आणि आत गेल्या.