पंधरवड्यातला टेम्पो

सारसोळ्यात आमच्या गल्ल्या अशा, की डोक्यावर पाटी घेतलेल्या दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीने कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. तिथे ट्रक येणं शक्य नव्हतं. तीनचाकी यायची, पण खाडीपुलाच्या चढावर बसकण मारायची. पेट्रोलची गाडी घेतली असती तर सकाळी विकलेली मासळी संध्याकाळी टाकीत ओतावी लागली असती. आम्हांला हवा होता तो डिझेलवरचा छोटा टेम्पो, मागे उघडा. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत जपानी इंजिनाचे असे टेम्पो नुकतेच निघाले होते. जाहिरातीत ते रोज दिसायचे. रस्त्यावर क्वचित. पैसे भरून नंबर लावायचा आणि पत्राची वाट बघायची.

मी नंबर लावला होता. सरकारने नव्या शहरासाठी जमीन घेतली, तिचे पैसे नवरा मोटारसायकलीत घालायच्या आत मी ते टेम्पोत घातले. नवरा कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत दुसऱ्या पाळीला होता, सकाळी मोकळा आणि गाडी चालवता येणारा. म्हणजे ड्रायव्हर घरचाच होता. फक्त गाडी नव्हती.

तोवर आम्ही बारा बायका पाट्या मोठ्या रस्त्यापर्यंत वाहून चेंबूरच्या बाजाराला गावातल्या एका खडीवाल्याच्या ट्रकमधून जायचो. बसचा कंडक्टर पाटी दिसली की बेल मारायचा, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. खडीवाला दाढी केल्याशिवाय ट्रक काढत नसे. मासळी बर्फात मऊ पडत असायची आणि हा आरशासमोर गाल फुगवून उभा. भाद्रपदात त्याने फर्मान काढलं, "घटस्थापनेपासून वर्षाची बोली. जी माझ्या गाडीत बसेल तिनं वर्षभर माझ्याच गाडीत बसायचं. दुसरीकडं गेली तर परत दारात उभी करणार नाय."

बायकांना मी म्हटलं, थांबा, माझा टेम्पो येतोय.

"तुजा टेम्पो कागदावर हाय गो," शेजारची म्हणाली. "कागदावर पाटी ठेवू काय?"

तिचं चुकत नव्हतं. घटस्थापनेच्या आत टेम्पो दारात आला नाही, तर अकराही जणी खडीवाल्याला शब्द देणार आणि मी एकटी बारा पाट्यांचा टेम्पो घेऊन खाडीवर हवा खात फिरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

पितृपक्ष लागला आणि मी ठाण्याला डीलरकडे गेले. खुर्चीतल्या साहेबांनी माझ्या मागे बघितलं.

"मालक?"

"मीच."

"तुमच्या पुढे सात जण आहेत. दिवाळी धरून चाला."

"मग मागे यार्डात चार उभे आहेत ते कुणाचे?"

"त्या सातांतल्याच चौघांचे. पत्रं जाऊन दहा दिवस झाले त्यांना. पण बाई, पंधरवडा चाललाय. आत्ता कोण नेणार? दसऱ्याला सगळे एकदम येतील हार घेऊन."

मी पिशवीतून पावती काढली. पावतीची मागची बाजू कोणी वाचत नाही. मी बसमध्ये वाचली होती, कारण दुसरं काही वाचायला नव्हतं. पत्र गेल्यापासून आठ दिवसांत गाडी नेली नाही तर नंबर पुढच्याला, असं तिथे बारीक अक्षरात छापलं होतं. मी त्यावर बोट ठेवलं.

साहेबांनी चष्मा वर केला. "हा नियम आम्ही पितृपक्षात लावत नाही."

"असं लिहिलेलं दिसत नाही."

"अहो, पण पुढच्यांनीसुद्धा नको म्हटलं तर?"

"विचारा ना. फोन आहे की समोर."

त्यांनी सातही जणांना फोन लावले. सहा जणांनी दसरा म्हटला. सातव्याने साहेबांनाच झापलं, की असल्या दिवसांत फोन करता, काही लाजबिज? फोन ठेवून साहेब म्हणाले, "घरी विचारून आलात ना बाई?"

"माझे पितर कधी गाडीत बसले नाहीत," मी म्हटलं. "त्यांना त्यातलं कळत नाही."

कागद, पासिंग सगळं उरकून सर्वपित्री अमावास्येला दोन दिवस असताना सकाळी टेम्पो गावात आला. नवरा कंपनीत युनियनचा पुढारी, मॅनेजरसमोर टेबल आपटणारा. गावाच्या तोंडाशी त्याने इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "तू पुढं हो. आयेला तू सांग."

सांगायची गरज पडली नाही. बायका पाट्या भरून रस्त्यावर खडीवाल्याची दाढी संपायची वाट बघत उभ्याच होत्या, त्यांच्यात सासूही. कोऱ्या टेम्पोकडे सगळ्यांनी बघितलं, पण पाऊल कुणी उचललं नाही.

"पंधरवड्यातली गाडी," शेजारची म्हणाली. "मी नाय बसनार. माजी पोरं ल्हान हायत."

खडीवाला अर्ध्या गालाला साबण घेऊन बाहेर आला होता. तो हसला, तेव्हा फेस तोंडात गेला.

मी चिडून काहीबाही बोलणार होते. सासूने मला हाताने मागे सारलं आणि टेम्पोभोवती एक फेरी मारली. चाकाला पाय लावून बघितला.

"पूजा केलीस?"

"नाही."

"नारळ?"

"नाही."

"मंग ती गाडी नाय. पूजा होईस्तोवर नुसतं लोखंड हाय. लोखंड कंदी पन आना." एवढ्यावर बायका हलल्या नाहीत, तेव्हा तिने आपल्या पाटीतला एक चांगला बांगडा उचलला आणि मुलाच्या हातात दिला. "टपावर ठेव." मग मान वर करून, तीन वर्षांपूर्वी वारलेल्या माझ्या सासऱ्यांना मोठ्याने म्हणाली, "पोराची गाडी हाय. पसंत असंल तं खावा, नसंल तं मी चालत जाते चेंबूरला."

सारसोळ्याच्या जेटीवरचे कावळे. हातातली मासळी न्यायचे ते, टपावरची सोडतात होय? नवऱ्याचा हात मागे यायच्या आत दोन उतरले, भांडले आणि अर्धा अर्धा बांगडा घेऊन उडाले.

"दोन आले गो," कुणीतरी म्हणालं. "दुसरा कोन?"

"त्यांचा धाकला भाव," सासू म्हणाली. "दोगं एका ताटातच जेवायचे." आणि फाळक्याला धरून वर चढली. तिच्यामागून शेजारची चढली, लहान पोरं असलेली. मग कोपऱ्याच्या जागेवरून तिची आणि सासूची जुंपली, तेव्हा मला खात्री पटली की आता सगळ्या येणार. कावळ्यांचं काय ते त्या सगळ्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. चढायला निमित्त हवं होतं, ते सासूने एका बांगड्यात दिलं. मी पावती वाचली, साहेबांशी भांडले, तिने एक मासा खर्च केला. श्रेय अर्थातच सासऱ्यांना गेलं.

दसऱ्याला आम्ही लोखंडाची गाडी केली. हार घातला तोवर उजव्या बाजूला पोचा आला होता आणि टेम्पो मागून असा वास मारत होता की भटजींनी नारळ लांबूनच फोडायला सांगितला.

पुढच्या वर्षी दुसरा टेम्पो घ्यायचं ठरलं. मी शहाणपणाने पितृपक्षातच डीलरकडे गेले. यार्ड रिकामं होतं.

"उशीर केलात," साहेब म्हणाले. "तुमच्याच गावचे तिघे काल नेऊन गेले. एकजण तर पावती उलटी धरूनच आत आला."

"दाढी केलेला?"

"गुळगुळीत."