अर्ध्या मिनिटाचा उशीर

"नाव आहे का?"

रविवारी सकाळी टीव्हीकडे पाठ करून, सिंककडे तोंड करून काकू विचारायच्या. मी त्यांच्या सोफ्यावर फोन घेऊन बसलेला. "आहे," असं मी म्हटलं की त्या एखादा कप विसळायच्या, आणि तो कोरडा व्हायच्या आत पुन्हा विचारायच्या. "नाव आहे का?"

कितव्या नंबरवर आहे, हे त्यांना नको असायचं. "नंबर नको सांगूस. नाव आहे ना, झालं." एकदा त्यांचा मुलगा शर्यतीत तिसरा आला. ही बातमी त्यांना सोमवारी कळली, तीही मी पेढे मागितले म्हणून.

काकू टेक्सासमधल्या फ्रिस्कोत माझ्या समोरच्या घरात राहत. लग्नाआधी पुण्यात इतिहास शिकवायच्या. एकुलता मुलगा इथेच जन्मला, इथेच इंजिनिअर झाला आणि हातातली चांगली नोकरी सोडून युरोपात मोटारींच्या शर्यतीत उतरला. आमच्याकडची बाकीची मुलं कोड लिहीत होती, नाहीतर डॉक्टर होत होती. मंडळाच्या गणपतीत कोणी चौकशी केली की काकू सांगायच्या, "ऑटोमोबाइलमध्ये आहे." तसं पाहिलं तर खोटं काहीच नव्हतं.

तुमच्या-आमच्या ओळखीतल्या बायका मुलाची काळजी वाटली की उपास धरतात. काकूंनी लायब्ररीतून युरोपातल्या शर्यतींच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं आणली. ज्याची भीती वाटते ते आधी वाचून काढायचं, हा त्यांचा बाणा. पण झालं उलटंच. जितकं वाचत गेल्या तितक्या जास्त घाबरत गेल्या, आणि मग ती भीती चहाबरोबर मला वाढू लागल्या.

"बेल्जियममधल्या स्पाचं जुनं सर्किट म्हणजे काय होतं माहितेय? गावातला रस्ता! कडेला घरं, तारांचे खांब. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस. वळण घेईपर्यंत पत्ता नाही." दुसऱ्या दिवशी इटलीतलं मॉन्झा. तिथली भिंतीसारखी उभी, तिरकी वळणं आता वापरात नाहीत, नुसती झाडीत पडून आहेत, हे त्या असं सांगायच्या की माझ्या अंगावर काटा यायचा. पूर्वीचे ड्रायव्हर पट्टा बांधत नसत. गाडी पेटली तर आत अडकण्यापेक्षा बाहेर फेकलं गेलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. हे ऐकल्यावर मी घरी जाताना, शंभर पावलांवर, उगाच दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडला.

मुलाचा फोन आला की तो म्हणायचा, "आई, रिलॅक्स. इट्स सो सेफ नाउ."

"तेव्हाही सगळे हेच म्हणायचे," काकू म्हणायच्या. "प्रत्येक पुस्तकात आहे. आता सेफ आहे, आता सेफ आहे."

पण त्यांना खरं पछाडलं होतं ते जर्मनीतल्या जंगलातल्या जुन्या सर्किटने, नुर्बुर्गरिंगने. चौदा मैलांची एक फेरी. ड्रायव्हरांच्या बायका हातात स्टॉपवॉच घेऊन फेऱ्या मोजत बसायच्या. गाडी समोरून गेली की झाडांत नाहीशी व्हायची, ती परत दिसायला नऊ-दहा मिनिटं.

"नऊ मिनिटं रे! काय करत असतील त्या बायका?"

 मी टेस्टर माणूस, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यावर माझं पोट. म्हणून मी उत्तराऐवजी हुशारी दाखवली. त्यांना सांगितलं की टीव्हीवर आपल्याला दिसतं ते अर्धं मिनिट उशिराचं असतं. फोनवर मात्र एक यादी येते, सगळ्या ड्रायव्हरांच्या नावांची, ती जवळजवळ त्याच क्षणी बदलते. एखादी गाडी थांबली की ते नाव करडं होऊन तळाला जातं.

"म्हणजे तुला माझ्याआधी कळेल?"

"अर्धं मिनिट आधी," मी अभिमानाने म्हणालो. त्या दिवसापासून माझी ड्युटी लागली. नावाची खात्री झाल्याशिवाय काकू मान वळवत नसत, आणि वळवली तरी क्षणभरच.

काकांची तऱ्हा आणखी वेगळी. शर्यत सुरू झाली की ते बाहेर जाऊन लॉनमोवर सुरू करायचे. इतक्या मोठ्या आवाजात घरातलं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं, आणि तेच त्यांना हवं होतं. रविवारी सकाळी सकाळी कसला गोंगाट म्हणून सोसायटीवाल्यांची दोनदा नोटीस आली. काका म्हणाले, "त्यांना सांगा, गवत वाढतं."

तीन वर्षं आम्ही तिघांनी असे रविवार काढले. मग ती इटलीतली शर्यत आली.

सुरुवात सुरळीत झाली. पहिलं वळण गेलं, दहा फेऱ्या गेल्या. बाहेर मोवर चालू होता. काकू चहा गाळत होत्या. माझ्या हातातल्या यादीत त्यांच्या मुलाचं नाव करडं झालं आणि एकेक पायरी उतरावी तसं तळाला गेलं.

टीव्हीवर त्याची पिवळी गाडी मजेत धावत होती.

"नाव आहे का?"

"आहे," मी म्हणालो.

का म्हणालो, ते आजही मला धड सांगता येत नाही. टायर फुटला असेल, इंजिन बसलं असेल, उगाच कशाला, असं काहीतरी डोक्यात आलं. खरं म्हणजे मी भ्यालो. आवाज मात्र जरा जास्तच ठणठणीत लागला असावा. कारण काकू दोन कप घेऊन आल्या आणि तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या शेजारी टीव्हीसमोर बसल्या.

"आज बरं वाटतंय बघ," त्या म्हणाल्या. "किती छान वळवतो रे हा!"

मी त्यांचा हात धरायला हवा होता. टीव्ही बंद करायला हवा होता. मी कपातल्या चहाकडे बघत राहिलो.

पिवळी गाडी वळली नाही. सरळ गेली, भिंतीवर आदळली, आणि तिची चाकं वेगवेगळ्या दिशांना गेली. लगेच कॅमेरा दुसऱ्या गाड्यांवर गेला.

काकू ओरडल्या नाहीत. पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "रिप्ले दाखवत नाहीयेत." माणूस धड असेल तर लगेच दाखवतात, हे त्यांनीच मला कधीतरी शिकवलं होतं. मग माझ्याकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

मी मान डोलावली.

त्यांनी फोन उचलून मुलाच्या टीमच्या माणसाला लावला. लागेना. काकूंचा नंबर मुलाने टीमला दिलाच नव्हता, आई घाबरेल म्हणून वडिलांचा दिला होता, हे मला तेव्हा आठवलं. मी अनवाणी बाहेर धावलो आणि मोवरच्या पुढ्यात उभा राहिलो. काकांनी मशीन बंद केलं. खिशातून फोन काढला. सहा मिस्ड कॉल. त्यांनी तो माझ्या हातात दिला, आणि परत फोन मी लावून दिला.

दोन्ही घोटे मोडले होते, बरगड्यांना मार होता, पण शुद्धीवर होता. काका लॉनवरच बसले.

काका-काकू मुलाकडे इटलीला गेले ते नंतर तिकडेच राहिले. मुलगा वर्षभराने पुन्हा शर्यतीत उतरला. त्यांच्या घरात आता केरळचं एक कुटुंब आहे, चांगली माणसं आहेत. काकूंचा दिवाळीला मेसेज येतो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अपघाताच्याच दिवशी दुपारी, विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा. रस्ताभर मी माफीची वाक्यं जुळवत होतो आणि मोडत होतो. काका ट्रॉली आणायला गेले तेव्हा काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"खोटं बोललास त्याचा राग नाही रे," त्या म्हणाल्या. "पण अर्धं मिनिट तू एकटाच ते घेऊन बसलास. सांगायचं मला. दोघं मिळून घाबरलो असतो."

मागून कोणीतरी गाडी पुढे घ्या म्हणून शिट्टी मारत होतं. मला म्हणायचं होतं, काकू, मी अजून घाबरलेलोच आहे. पण तोवर त्या काचेच्या दारातून आत गेल्या होत्या.