ओढणीनं पूस

“डस्टर राहू दे. ओढणीनं पूस.”

सर असं म्हणाले आणि सगळा क्लास हसला. मी फळ्यासमोर, हातात खडू.

न्हावरे गावातली दहावीची शिकवणी. सरांच्याच बंगल्यातली पुढची खोली. बाकीची पोरं बागायतदारांची, फी भरणारी. माझी आई सरांच्या गोठ्यात शेण काढायची, त्या बदल्यात मला दाराशी बसू देत. चपलांच्या शेजारी.

प्रश्न होता: दोन क्रमागत पूर्णांकांचा गुणाकार १३२ आहे, तर त्या संख्या शोधा. लहान संख्या x, मोठी x + १. म्हणजे x² + x − १३२ = ०. अवयव पाडले. x = ११ किंवा −१२. मग ११ आणि १२, नाहीतर −१२ आणि −११. दोन्ही जोड्या लिहिल्या. पहिल्यांदाच फळ्यावर बोलावलं होतं, म्हणून अक्षरही जपून काढलं होतं.

ऋण उत्तर सोडून द्यायचं असतं, एवढंही कळत नाही का, असं सरांनी विचारलं. शेताची लांबी, माणसाचं वय काढताना सोडतात, हे मला ठाऊक होतं. पण इथं तसं नव्हतं.

“सर, नैसर्गिक संख्या म्हणलं न्हाई. पूर्णांकात ऋण चालतं.”

“फुकट शिकतीस आन् मलाच शिकवतीस? पूस. आन् ‘चुकलं’ म्हण.”

चुकलं की सगळेच फळा पुसायचे, पण डस्टरनं. ओढणी फक्त माझी. पहिल्या बाकावर माझी मैत्रीण होती. हेच गणित आम्ही शाळेत मिळून सोडवलं होतं, दोन्ही जोड्या तिनंही काढल्या होत्या. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. सरांच्या बोलण्यापेक्षा मला तेच जास्त लागलं. भरल्या खोलीत माझं कुणीच नव्हतं.

मी खडू ठेवला. “मी पुसणार न्हाई,” म्हणाले आणि बाहेर पडले.

सरांनी आईजवळ निरोप दिला, चुकलं म्हणाली तर येऊ दे. आई म्हणाली, “म्हण की बाय. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?” तिचा राग नाही आला. रडू आलं.

आता शाळा सुटल्यावर तिथल्याच व्हरांड्यात एकटीच गणितं सोडवते. मैत्रीण लांबून जाते. अडलं तर विचारायला कुणी नाही. बोर्डाला मार्क कमी पडतील. पडू देत. जे चुकलं नाही, ते चुकलं म्हणणार नाही. आईनं हात जोडले तरी नाही.