बाटली हलवायची नाही

पॉलिशवाल्यांच्या अंगाला आंघोळीनंतरही स्पिरिटचा वास यायचा. लाकडाला लावायचा लाखेचा चपडा स्पिरिटमध्येच विरघळतो, त्याला ते तरी काय करणार? मेहुण्याचा मात्र लग्नापासून एकच विनोद : "दाजी, खुर्चीला किती आणि स्वतःला किती?" आणि दाजी असे, की खोकल्याचं औषधसुद्धा, त्यात दारू नाही ना म्हणून, आधी हुंगून बघणार.

दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे दिसले. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाका. पॉलिशवाल्यांनी घरी येऊन चपड्याची बाटली बायकोसमोर धरली.

"बघ, गाळ तळाशी बसलाय, वरचं कसं लख्ख आहे. बसलेल्या गाळाला डिवचायचं कशाला?"

तिला पटलं. बाटल्या हलवायच्या नाहीत, हा तर तीस वर्षांचा घरचा कायदा. झाडतानासुद्धा ती बाटल्यांच्या फळीला हात लावत नसे.

मग एका सकाळी कपाटाच्या दाराला पॉलिशचा दुसरा हात देता देता ते खाली बसले. वरच्या पोटातली कळ आरपार पाठीत गेली. उलट्या थांबेनात. आडवं झालं की जीव जायचा, म्हणून पुढे वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसले.

दवाखान्यातला तरुण डॉक्टर जवळ आला आणि त्याच्या नाकपुड्या फुगल्या.

"काका, रोज किती घेता?"

सोबत आलेला मेहुणा फरशी बघू लागला.

"थेंबही नाही," ती म्हणाली.

"सगळ्याच बायका असं म्हणतात, ताई."

तिनं नवऱ्याचा हात उचलून त्याच्यापुढे धरला. बोटं नखांपर्यंत तपकिरी. "वास ह्याचा आहे. फर्निचरचा."

तपासण्या झाल्यावर डॉक्टर आला तो नरमून. "चुकलं माझं. खड्यांमुळेच झालंय. पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी शेवटी एकाच तोंडाशी येते. खडा घरंगळून तिथं अडकला. स्वादुपिंडाचा रस अन्न पचवायला असतो. त्याची वाट अडली, की तो स्वादुपिंडालाच पचवायला लागतो. दारूनंही असं होतं, म्हणून विचारलं. रक्तातली चरबी फार वाढली तरी होतं."

"मग खडा काढा ना!"

"तो बहुतेक आपणच पुढे सरकलाय. आग लावून गेलाय. ती विझेपर्यंत सलाइन, दुखण्यावर औषध आणि वाट बघणं. सावरले की पिशवी काढू. पुष्कळांना आठवड्यात उतार पडतो. काहींना..."

ती स्टुलावर बसली. आपण बाटली बघितली आणि मान डोलावली, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

"ताई, मी आपली चेष्टा करायचो गं," मेहुणा पुटपुटला.

"मग आता कर ना. हसतील तरी."

मेहुण्यानं दाजींच्या पायांवरची चादर नीट केली.

"अगं, पाणी," पॉलिशवाले म्हणाले.

"नाही हो देता येत. उलट्या थांबू देत."

सिस्टरनं ओला कापूस दिला, नुसते ओठ भिजवायला. तीस वर्षं पॉलिश करताना कापसाचा बोळा त्यांच्या हातात बघितलेला, आज तिच्या हातात आला. तिनं तो त्यांच्या ओठांवर दाबला.

"दाबू नकोस," ते डोळे न उघडता म्हणाले. "हलका. गोल फिरव."

ती गोल फिरवत राहिली. सलाइनची बाटली डोक्यावर थेंब थेंब गळत होती. बाटलीला धक्का लागू नये म्हणून तिनं स्टूल जरा अलीकडे ओढलं.